साडेअकरा भाऊजी

आयुष्यात मी फारसं काही झालो नाही, पण एक माप मात्र झालो. हे फुशारकीने सांगत नाही. मुळात सांगण्यासारखं आहे की नाही, याबद्दलही माझं मत रोज बदलतं.

माझ्या बायकोचे थोरले भाऊ फोटोग्राफर. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. बाजाराच्या रस्त्यावर एका जिन्याखाली त्यांचा स्टुडिओ होता. निळा पडदा, एक फिरतं स्टूल, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. वर्षभर ते लोकांचे पासपोर्टचे फोटो काढायचे. ‘हनुवटी वर, खांदे सैल, श्वास सोडा,’ एवढंच दिवसभर बोलायचे. वर्षातून एकदा स्टुडिओला कुलूप लावायचे आणि कुठल्या तरी राष्ट्रीय उद्यानात जायचे. का, तर तिथे कुणाची हनुवटी वर करावी लागत नाही.

आमच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हा दोघांना बरोबर नेलं. उघड्या माळावर एक जुनं झाड एकटंच उभं होतं. दादांनी कॅमेरा लावला, आत पाहिलं आणि वैतागून मान बाहेर काढली.

“कळतच नाही केवढं आहे ते. कुंडीतलं रोपटं वाटतंय. भाऊजी, तुम्ही जरा जाऊन त्याच्याजवळ उभे राहता का?”

मी घाबरलो. फोटो म्हटलं की माझा चेहरा आपोआप गुन्हेगारासारखा होतो.

“तोंड नको,” दादा म्हणाले. “पाठ इकडे करा. तोंड झाडाकडे.”

पाठ चालत असेल तर माझी काही हरकत नव्हती. दादांनी आपली लाल टोपी माझ्या डोक्यावर घातली, मी झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिलो आणि माझी नेमणूक झाली. ती आजतागायत टिकली. ग्रंथालयातली नोकरीसुद्धा इतकी वर्षं टिकली नाही.

तेव्हापासून दरवर्षी एकेका उद्यानात मी कशाच्या तरी पायथ्याशी पाठमोरा उभा राहत आलो. धबधबे, कडे, वारुळं, पडलेली झाडं. घरात ते मला भाऊजी म्हणायचे आणि रानात पट्टी. “पट्टी, जरा डावीकडे. पट्टीसाहेब, खांदे पाडू नका, मापात खोट येते.” घरी आल्यावर दादा मोठ्या प्रिंट काढायचे, कंपासपेटीतलं कर्कटक घ्यायचे, त्याची दोन टोकं माझ्या टाचेवर आणि टोपीच्या शेंड्यावर ठेवायचे आणि मग कर्कटक वरवर चालवत न्यायचे. अमुक धबधबा बावीस भाऊजी. तमुक कडा चाळीस भाऊजी आणि वर एक गुडघा. आमच्या दिवाणखान्यात भिंतभर माझी पाठ टांगलेली आहे. नवीन माणूस आला की बायको सांगते, “हे आमचे. समोरून कसे दिसतात ते चहा देताना बघा.”

माळावरच्या त्या पहिल्या झाडाकडे आम्ही मधूनमधून पुन्हा जात राहिलो. एका सपाट दगडावर दादांनी स्टँडच्या तीन पायांसाठी तीन खुणा कोरून ठेवल्या होत्या. जागा तीच, भिंग तेच, टोपी तीच, मी तोच. पहिल्या खेपेला झाड अकरा भाऊजी भरलं. पुढे कितीतरी वर्षं अकराच भरत होतं. मागच्या खेपेला मात्र दादांनी रात्री फोन केला.

“भाऊजी, सव्वा अकरा! म्हातारं वाढतंय!”

मला आनंद झाला. माझ्यामुळे काही कळलं, असं आयुष्यात क्वचितच घडलं होतं.

मधल्या वर्षांत दादांनी स्टुडिओ बंद केला. लोक आता पासपोर्टचे फोटोसुद्धा फोनवर काढतात. त्यांचे हात थरथरू लागले, गुडघे गेले. लग्न त्यांनी केलं नव्हतंच. दुपारच्या वेळी आमच्याकडे येऊन खुर्चीत बसायचे आणि भिंतीवरच्या माझ्या पाठी पाहत राहायचे. अशातच त्या उद्यानातून पत्र आलं. उद्यानाने नवीन माहिती केंद्र बांधलं होतं. दादांनी कधीतरी त्यांना झाडाचे फोटो पाठवले होते, ते तिथल्या बाईंना आवडले होते. प्रवेशदारासमोरच्या भिंतीवर सगळे फोटो ओळीने लावायचे, वर ‘अजूनही वाढणारं झाड’ असा मथळा आणि खाली दादांचं नाव. फक्त या वर्षीचा एक ताजा फोटो हवा होता.

दादांचं नाव आजवर पासपोर्टच्या फोटोंच्या पाठीवर शिक्क्यात तेवढं छापून आलं होतं.

आम्ही तिघं निघालो. प्रवास मोठा आणि कंटाळवाणा. आधी रेल्वे, मग बस, मग उद्यानाची जीप. तिघांच्याही औषधांच्या पिशव्या कॅमेऱ्याच्या पेटीपेक्षा जड झाल्या होत्या. जीपमध्ये धक्के खात दादा मला समजावून सांगत होते.

“मी घरी हिशोब केलाय. मधल्या काळात ज्या वेगाने वाढलं, तो वेग धरला तर यंदा साडेअकरा भरायला पाहिजे. साडेअकरा भाऊजी! एवढ्या वयाचं झाड! लोक म्हणतात म्हातारपणी वाढ थांबते. थांबत नाही. दिसतंय ना डोळ्यांना?”

“दिसतंय,” मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला दवाखाना आठवला.

दोनेक महिन्यांपूर्वी पाठदुखीसाठी मी दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या नर्सबाईंनी वजन केलं, भिंतीला उभं केलं आणि विचारलं, “आजोबा, उंची किती म्हणालात?” मी सांगितली. त्या हसल्या. “ती जुनी. आता तेवढी भरत नाही. चांगली चार बोटं कमी आहे. मणके बसतात वयात, काळजी करू नका.” मी काळजी केली नाही. मला वाटलं, असेल. माझ्यातलं काही कमी झालं हे ऐकून मला कधी धक्का बसत नाही.

पण आता जीपमध्ये बसल्या बसल्या मला ते दोन हिशोब एकमेकांशेजारी दिसले. कर्कटकाची दोन टोकं माझ्या टाचेवर आणि टोपीवर ठेवायची. मी आखूड झालो तर ती टोकं जवळ येणार. मग झाड तेवढंच असलं तरी जास्त वेळा मोजलं जाणार.

झाड वाढत नव्हतं. मी बसत होतो.

विश्रामगृहात आम्हा दोघांना नेहमीचीच खोली मिळाली, दादांना शेजारची. दोन लोखंडी पलंग, एक डगमगतं टेबल, खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलेली. बायको बॅगेतून कपडे काढत होती. मी पलंगावर बसून बुटाची नाडी सोडत राहिलो. एकच नाडी, बराच वेळ.

“काय झालंय?” ती म्हणाली.

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, दोनदा सुरुवातीकडे गेलो. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुमची उंची. अहो, तीन वर्षं मी तुमचे सदरे खालून आत दुमडतेय. एकदा नाही, दोनदा. तुम्हाला वाटलं सदरे धुऊन ताणले जातात?”

मला खरंच तसं वाटलं होतं.

“बोलली नाहीस.”

“बोलून काय? तुम्ही आठवडाभर जेवला नसता. पुस्तकं काढून बसला असता मणक्यांची.” तिने एक सदरा झटकला आणि दुमड मला दाखवली. आत बारीक, सरळ टाके. “फोटोचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. खरंच नाही आलं.”

“दादांना सांगू?”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर दादा व्हरांड्यात बसून भिंग पुसत होते. हात स्थिर राहावा म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवला होता.

“नका सांगू असं म्हणणार होते मी,” ती म्हणाली. “किती दिवसांनी बरा दिसतोय तो. पण उद्या कुणी खरी पट्टी घेऊन आला आणि झाड मोजलं, तर हसतील ते दादाला. तुम्हाला कुणी हसणार नाही. तुमचं तोंड कुणी पाहिलंय?”

“तू सांग ना.”

“माझं ऐकणार आहे तो? मी अजून त्याला फ्रॉकमधली दिसते. माप तुम्ही आहात, तुम्ही सांगा.”

संध्याकाळच्या जेवणाला आम्ही व्हरांड्यात बसलो. स्वयंपाकघराचं दार व्हरांड्यातच उघडतं. मी भाजीचं भांडं घेऊन त्या दारातून बाहेर आलो, पुन्हा आत जाऊन पाणी आणलं, बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. दवाखाना, चार बोटं, मणके, कर्कटक. शेवटी माझ्या सवयीप्रमाणे म्हणालो, “म्हणजे, असं असावं. बहुतेक.”

दादा जेवता जेवता थांबले. मग हसले. मोठ्याने, प्रेमाने.

“भाऊजी, तुमचं हे नेहमीचंच. गॅस बंद केला की नाही म्हणून मागे आपण अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. होता ना बंद?”

“होता.”

“तिकिटं विसरली म्हणून स्टेशनवर घाम फुटला होता तुम्हाला. कुठे होती?”

“हातात.”

“आणि स्वतःच्या लग्नात! भटजींच्या समोर मला हळूच विचारलंत, ‘नक्की मीच ना?’”

बायको खाली मान घालून हसू दाबत होती. मीही थोडा हसलो. तसं मी विचारलं होतं.

“दवाखान्यातल्या त्या पट्ट्या भिंतीला कुठेही ठोकलेल्या असतात,” दादा म्हणाले. “आणि तुम्ही तिथे वाकून उभे राहिला असणार. लाजून. उद्या सरळ उभे राहा म्हणजे झालं.”

“दादा, सदरे...” बायको म्हणाली.

“तू भाजी वाढ.”

विषय संपला. मी जन्मभर इतक्या खोट्या शंका काढल्या होत्या की खरी एक निघाली तेव्हा तिला कुणी उभं करेना. त्यांचा दोष नाही. रात्री पडल्या पडल्या मलाही वाटू लागलं की दादांचंच बरोबर असेल. मी वाकलो असेन. झाड वाढलंही असेल. झाडाबद्दल मला काय कळतं?

सकाळी ऊन चढायच्या आत माळावर पोचायचं ठरलं होतं. पूर्वी ही चाल म्हणजे गप्पा मारत केलेली फेरी असायची. आता दर थोड्या अंतराने एकजण थांबायचा आणि बाकीचे दोघे ‘आम्हालाही थांबायचंच होतं’ असं दाखवायचे. कॅमेऱ्याची पेटी मी घेतली होती, स्टँड बायकोने. दादांकडे फक्त लाल टोपी होती. तिचा रंग आता विटेसारखा झाला आहे.

माहिती केंद्राच्या बाई तिथे आधीच येऊन थांबल्या होत्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी. त्या आधी उद्यानाच्या तिकीट विभागात होत्या, झाडांबद्दल आपल्याला फार कळत नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

“पेंटर आलाय सकाळीच,” त्या म्हणाल्या. “मथळा रंगवायला घेतो म्हणतोय. परवा उद्घाटन आहे आणि अजून नळाला पाणी नाही. तुमचं नाव असं बरोबर आहे ना, बघा.”

त्यांनी गुंडाळी उलगडली. मोठ्या अक्षरांत मथळा, खाली फोटोंची ओळ पेन्सिलने आखलेली, आणि त्याखाली दादांचं पूर्ण नाव. दादांनी ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

त्यांनी स्टँडचे तीन पाय तीन खुणांत बसवले, माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि मी झाडाकडे निघालो.

मी त्या झाडाला जेवढं पाहिलं आहे तेवढं दादांनीही पाहिलेलं नाही. ते लांबून पाहतात. मी नाकाशी साल घेऊन उभा राहतो, आणि दादांना फोटो काढायला फार वेळ लागतो. माझ्या डोळ्यांसमोर नेमकी एक गाठ असायची, कधीकाळी फांदी मोडलेल्या जागी आलेली, मिटलेल्या डोळ्यासारखी. इतक्या वर्षांत तिच्याशी माझी एक प्रकारची ओळख झाली होती. दोघंही लाजरे, दोघांनाही दुसरीकडे बघता येत नाही.

मी उभा राहिलो. समोर नुसती साल होती.

गाठ वर होती. टोपीच्या काठाआड गेली होती. मला मान वर करावी लागली.

पट्टीने वळायचं नसतं हा दादांचा पहिला नियम. मी वळलो.

“पट्टी!” लांबून हाक आली. “पाठ! पाठ इकडे!”

मी चालत परत आलो. दादांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आजवर मी कधी जागा सोडली नव्हती, एकदा मुंग्या चढल्या तेव्हासुद्धा नाही.

“काय झालं? उन्हाची तिरीप निघून जाईल.”

“दादा, ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर असायची. आता ती माझ्या डोळ्यांच्या वर आहे.”

दादांनी झाडाकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

“ऐकलंत ना, बाई? गाठ वर गेली! झाड वाढलं म्हणून गाठ वर गेली! अहो भाऊजी, हाच तर पुरावा!”

“अय्या, हो की,” बाई म्हणाल्या आणि फोनमध्ये काहीतरी लिहून घेऊ लागल्या. “हेही टाकू या का बोर्डवर?”

“तसं नसतं,” मी म्हणालो. “खोड शेंड्याकडून वाढतं. गाठ असते तिथेच राहते. मी वाचलंय.”

“कुठे वाचलंत?”

कुठे, ते मला आठवेना. आयुष्यभर पुस्तकांत राहिलो आणि हव्या त्या वेळी एकाचंही नाव तोंडात आलं नाही. “कुठेतरी,” मी म्हणालो. “बहुतेक...”

“बहुतेक!” दादा बाईंना म्हणाले. “आमच्या भाऊजींचं पालुपद.”

“मला काहीतरी एक ठरवून द्या हो,” बाई थकून म्हणाल्या. “पेंटर थांबलाय.”

मी खाली बघत उभा राहिलो. मी म्हणणार मी खाली गेलो, ते म्हणणार झाड वर गेलं, आणि दोन्हींचा पुरावा एकच. अशाने आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. मला हवी होती अशी एखादी वस्तू जी वाढतही नाही आणि म्हातारीही होत नाही. जिच्याशी माझी जुनी गाठ पडलेली आहे.

आणि मला काल संध्याकाळचं भाजीचं भांडं आठवलं.

त्या विश्रामगृहाच्या स्वयंपाकघराचं दार ठेंगणं आहे. दर खेपेला पहिल्या जेवणाला मी विसरून त्यातून बाहेर यायचो आणि चौकटीच्या वरच्या लाकडावर माझं डोकं टक्कन आपटायचं. दादा व्हरांड्यातून ओरडायचे, “आले भाऊजी!” एका वर्षी मी रक्त पुसत जेवलो होतो. आमच्या सहलीची सुरुवात त्या आवाजानेच व्हायची. काल मी दोनदा आत गेलो, दोनदा बाहेर आलो. हातात भांडं होतं, डोक्यात दुसरंच होतं, मी वाकलो नव्हतो.

“दादा,” मी म्हणालो, “काल मी आपटलो नाही.”

“काय?”

“स्वयंपाकघराच्या दाराला. काल आवाज आला का?”

बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली.

“दार काही वाढत नाही, दादा,” मी म्हणालो. “चला.”

माझ्या तोंडून ‘चला’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. ते आले.

परतीची चाल मला आठवते ती फक्त श्वासांच्या आवाजाने. बाई मधूनच फोनवर पेंटरला ‘थांब जरा’ म्हणत होत्या. व्हरांड्यात पोचल्यावर दादा खुर्चीत न बसता दारासमोर उभे राहिले. आत स्वयंपाकी भांडी घासत होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मी आत गेलो, टोपी काढली, वळलो आणि बाहेर आलो.

काही वाजलं नाही.

“पुन्हा,” दादा म्हणाले.

मी पुन्हा आत जाऊन बाहेर आलो.

“दारातच थांबा. टाचा टेका. सरळ.” स्टुडिओतला आवाज. “हनुवटी... अशी. खांदे पाडू नका.”

मी चौकटीखाली उभा राहिलो, जितका सरळ होता येईल तितका. पाठीतून कळ आली. दादा जवळ आले, हात वर केला आणि माझं डोकं आणि ते लाकूड यांच्या मधल्या फटीत बोटं घातली. एक गेलं. दुसरंही गेलं. त्यांची बोटं माझ्या विरळ केसांना जाणवत होती. ती त्यांनी लगेच काढली नाहीत.

“इथे खोक पडली होती तुम्हाला,” ते म्हणाले.

“हो.”

“नक्की याच दाराला?”

“याच.”

“चौकट बदलली नसेल?”

“नाही साहेब,” आतून स्वयंपाकी म्हणाला, “छप्पर बदललं, चौकट जुनीच.”

दादांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्हाला खात्री आहे?”

‘बहुतेक’ माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“आहे,” मी म्हणालो.

दादा खुर्चीत बसले. बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, “जन्मात एकदा खात्री झाली तुम्हाला. तीही माझ्याच झाडाबद्दल.”

मी दारातच उभा राहिलो. पुढे यावं की आत जावं, मला कळेना.

“मग मी मथळा काय सांगू?” बाईंनी हळूच विचारलं.

“काही सांगू नका,” दादा म्हणाले. “झाड आहे तेवढंच आहे. त्याचा बोर्ड कशाला?”

“फोटो छान आहेत हो. पण नुसतं झाड म्हणजे... मला वर परत कळवावं लागेल. कदाचित आतल्या खोलीत कुठेतरी लावता येतील.” त्या मनापासून बोलत होत्या, पण त्यांचा फोन वाजत होता. जाता जाता त्या पेंटरशी बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं. “ते राहू दे. त्या जागी सूचना लिही. प्लास्टिक टाकू नये, प्राण्यांना खायला देऊ नये, ती.”

त्यांनी गुंडाळी टेबलावरच ठेवली होती. बायकोने ती उचलली, दादांचं नाव होतं तो भाग आत राहील अशी नीट घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

दुपार तशीच गेली. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची पाठ मी अशी कधी पाहिली नव्हती. पाठीकडून माणूस किती थकलेला दिसतो हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भिंतीवरच्या फोटोंत मीही असाच दिसत असेन, आणि तरी दादा मला दरवर्षी बोलवत राहिले. मला वाटलं, सांगायला नको होतं. मग वाटलं, सांगितलं ते बरं झालं. मग पुन्हा उलट. हे माझं नेहमीचं.

उन्हं कलली तेव्हा ते उठले आणि बूट घालू लागले. वाकताना धाप लागत होती, म्हणून बायकोने खाली बसून त्यांच्या नाड्या बांधल्या.

“कुठे?” तिने विचारलं.

“आलोच आहोत तर काढून टाकू. मालिकेत खाडा नको.” मग माझ्याकडे न बघता, “येणार का पट्टी, की रिटायर झालात?”

“येतो,” मी म्हणालो.

पुन्हा ती चाल. पुन्हा थांबे. माळावर कुणी नव्हतं. दादांनी स्टँड खुणांत बसवला, मला टोपी दिली. मी झाडाशी जाऊन पाठमोरा उभा राहिलो. पाय दुखत होते. गाठ बघावी म्हणून मी मान वर केली.

“पट्टी, मान सरळ!” मागून आवाज आला.

मी मान खाली घेतली. आता माझ्या डोळ्यांसमोर होती ती साल मी कधी नीट पाहिलीच नव्हती. आजवर ती माझ्या नाकाखाली असायची. तिच्यात एक उभी भेग होती आणि भेगेतून मुंग्यांची बारीक रांग चालली होती, वर आणि खाली, कुणालाही घाई नसलेली. दादा नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत होते. नुसते बघत असतील. मी टाचा टेकवून उभा होतो, खांदे न पाडता, होता येईल तेवढा सरळ.

बटण दाबल्याचा आवाज आला.

परत आलो तेव्हा बायको दगडावर बसली होती. “किती भरलं?” तिने दादांना विचारलं. कर्कटक नव्हतं, प्रिंट नव्हती, तरी तिने विचारलं.

“अकरा,” दादा स्टँडचे पाय मिटवत म्हणाले. “अकरा जुने भाऊजी.”

मग त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पेटीत ठेवली. पेटी उचलायला मी वाकलो, तेवढ्यात त्यांनीही दुसरी कडी धरली. आम्ही दोघांनी मिळून ती विश्रामगृहापर्यंत नेली.